बुडी शिकविण्याची फी



गेल्या सुटींत माझा नातू मालवणहून परतला तो मोठ्या ऐटींत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यांत पाठीवर हवेची टांकी बांधून त्यानें बुडी मारली होती. "आजोबा, मी स्कूबा शिकलों!" तो म्हणाला. मीं विचारलें, "किती वेळांत शिकलास रे?" "पंधरा मिनिटांत." किनाऱ्यावर चार सूचना मिळाल्या होत्या आणि पाण्यांत एक जाणता गडी त्याला धरून होता. अर्थात् त्यानें समुद्राचा तळ पाहिला होता. विद्या शिकला नव्हता.

पुढें त्याला खरोखरीचें शिक्षण घ्यावेंसें वाटूं लागलें. दोन ठिकाणीं चौकशी केली, तों एकीकडची फी दुसरीकडच्या जवळजवळ निम्मी! "स्वस्त घेऊं कीं महाग?" हा प्रश्न त्यानें मजपुढें टाकला. मी जन्मांत कधीं गळ्याइतक्या पाण्यापलीकडे गेलों नाहीं. परंतु पस्तीस वर्षें शाळेंत शिकविलें आहे, व फी आणि विद्या यांचें नातें थोडेंबहुत जाणतों. म्हणून या विद्येचा इतिहास चाळला. तोच आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम, या विद्येंत शिकावयाचें तें काय? समुद्रांत १० मीटर खालीं गेलें कीं दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. तेथें टांकींतील हवा छातीभर घेऊन कोणी श्वास रोखून वर आला, तर रॉबर्ट बॉईल यानें १६६२ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें तीच हवा दुप्पट जागा मागूं लागते, आणि फुप्फुसें फाटतात. म्हणून पहिला धडा असा कीं, पाण्याखालीं श्वास कधींही रोखूं नये. हें वाक्य पाठ करावयास क्षणही लागत नाहीं. परंतु डोळ्यांवरील मुखवट्यांत पाणी शिरलें कीं घाबरलेला मनुष्य नेमका श्वास कोंडून वर धांव घेतो. ही उपजत खोड मोडावयास एकच उपाय, पुन्हां पुन्हां सराव. फी द्यावयाची ती या सरावाची.

ही फी इतिहासांत तीन प्रकारांनीं भरली गेली आहे.

पहिला प्रकार सरकारी. 'रॉयल जॉर्ज' हें इंग्रजांचें लढाऊ जहाज १७८२ सालीं स्पिटहेड येथें बुडालें होतें. त्याचे अवशेष काढण्याचें काम कर्नल पास्ली यानें १८३९ सालीं हातीं घेतलें. ऑगस्टस सीब यानें बनविलेला, वरून नळीनें हवा पुरविणारा पोशाख त्याचे पाणबुडे वापरीत. त्या कामाच्या अनुभवांतूनच १८४३ सालीं ब्रिटिश आरमारानें पाणबुड्यांची शाळा काढली. येथें विद्यार्थ्यास फी नव्हती. जो तयार नसेल त्यास मागें ठेवण्यांत गुरुजींचें कांहींच नुकसान नव्हतें. १९०८ सालीं जॉन स्कॉट हॉल्डेन यानें पाण्यांतून टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. तीं आरमारानें स्वीकारलीं, आणि या विद्येस शास्त्राची बैठक मिळाली.

दुसरा प्रकार मंडळांचा. १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कुस्तो व एमिल गान्यां यांनीं लागेल तेवढीच हवा देणारें यंत्र सिद्ध केलें, आणि पाणबुड्या वरच्या नळीपासून मुक्त झाला. थोड्याच वर्षांत हें यंत्र दुकानांत आलें. पैसे टाकील त्यास तें मिळे. त्याबरोबर गुरु मात्र मिळत नसे. ही उणीव प्रथम भरून काढणाऱ्यांत कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेचा कॉनरॅड लिंबॉ हा होता. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यानें तेथील शास्त्रज्ञांस पद्धतशीर शिक्षण देण्यास आरंभ केला. १९५४ सालीं लॉस एंजेलिस परगण्याच्या लोकांनीं त्याजकडून ही पद्धत उचलली व ती सामान्य जनांस शिकविली. इंग्लंडांत १९५३ सालीं 'ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब' निघाला. तेथें जुने सभासद नव्यांस तलावांत बिनपगारी शिकवीत. पैसा थोडा, वेळ मात्र भरपूर! गुरूची मिळकत शिष्याच्या उत्तीर्ण होण्यावर अवलंबून नसल्यामुळें "अजून नाहीं" असें म्हणतांना त्याची जीभ अडखळत नसे.

तिसरा प्रकार व्यापाराचा. १९६० सालीं अमेरिकेंत 'नावी' ही शिक्षकांची संस्था स्थापन झाली, आणि १९६६ सालीं 'पॅडी'. 'पॅडी'च्या दोघां संस्थापकांपैकीं जॉन क्रोनिन हा या साहित्याचा विक्रेता, तर राल्फ एरिक्सन हा पोहणें शिकविणारा शिक्षक. दुकान आणि शाळा एका छपराखालीं आलीं तीं अशीं. या पद्धतीची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. अभ्यासाचे लहान लहान भाग पाडून तिनें ही विद्या आरमाराच्या व मंडळांच्या कुंपणाबाहेर काढली. आज लाखों माणसें सुटीच्या चार दिवसांत ती शिकतात तीं तिच्याचमुळें.

परंतु येथेंच फीचा अर्थ बदलला. साहित्यावर नफा मिळत असल्यानें पुष्कळ दुकानदारांनीं शिक्षण स्वस्त केलें. शेजाऱ्यानें त्याहून स्वस्त केलें. होडीचें भाडें कमी होत नाहीं, टांकींतील हवा अर्धी भरतां येत नाहीं. मग काटछाट व्हावयाची ती गुरूच्या वेळांतच. विद्यार्थी वाढतात, तास आटतात. शिवाय शिष्यास वाटूं लागतें कीं, आपण विद्या नव्हे, प्रमाणपत्राचें कार्ड विकत घेतलें आहे. आणि विकलेला माल गिऱ्हाइकास देत नाहीं असें कोणत्या दुकानदारानें म्हणावें?

यावर उपाय म्हणून २००७ सालीं आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें पाणबुड्यांच्या तीन व शिक्षकांच्या दोन पायऱ्यांचे दंडक घालून दिले. हें उत्तम झालें. परंतु दंडक हा तळ असतो, शिखर नव्हे. परीक्षेंत पस्तीस गुणांनीं सुटलेला मुलगा गणित जाणतो असें आम्ही शिक्षक तरी कधीं मानीत नव्हतों.

मग महाग तें चांगलें काय? तेंही नाहीं. आमच्या गांवांत एक शिकवणीचा वर्ग दुप्पट फी घेई आणि एका खोलींत साठ मुलें कोंबी. तेव्हां फीचा आंकडा पाहून कांहींच कळत नाहीं. विचारावयाचें तें हें: एका गुरूमागें शिष्य किती? उथळ पाण्यांत सराव किती तास? आणि, आजवर आपण कोणास कार्ड नाकारलें आहे काय?

नातवानें दोन्हीं ठिकाणीं हे प्रश्न विचारले. स्वस्त ठिकाणीं उत्तर आलें, "आमच्याकडे कोणी नापास होत नाहीं." दुसरीकडे म्हणाले, "जमलें नाहीं तर दोन दिवस अधिक राहावें लागेल, त्याचे पैसे निराळे. तरीही न जमल्यास कार्ड मिळणार नाहीं." तो दुसरीकडे गेला.

१९६० सालीं फ्रान्समध्यें कासी गांवानजीक पोर-मियूच्या भूमिगत नदींत उतरलेला लिंबॉ जिवंत परतला नाहीं. इतरांस पाण्याखालीं सुरक्षित राहण्यास शिकविणाऱ्या त्या थोर गुरूसही पाण्यानें क्षमा केली नाहीं. मग चार दिवसांच्या शिष्यास तें काय करील? म्हणून ज्यास "नाहीं" म्हणण्याचें स्वातंत्र्य आहे, असाच गुरु शोधावा, आणि त्या स्वातंत्र्यासाठीं दोन पैसे अधिक पडल्यास कुरकुर करूं नये.