रोहिणीचे पाणी : अट्ठकथा आणि बाबासाहेब

शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीचा तंटा आपल्या वाचकांस अपरिचित नाही. विहारांतील प्रवचनांत तो बहुधा मैत्रीची महती सांगण्यासाठी येतो आणि पाणी मागे राहते. आम्हांस येथे त्या पाण्याकडेच पाहावयाचे आहे.

धम्मपदट्ठकथेत सुखवग्गाच्या आरंभीच्या गाथांच्या निमित्ताने ही कथा येते. कुणाल जातकाच्या अट्ठकथेतही ती आहे. कपिलवस्तू व कोलियनगर यांच्यामधून वाहणाऱ्या रोहिणीवर दोघांचे मिळून एकच 'आवरण', म्हणजे बांध होता. जेट्ठमूल महिन्यात, उन्हाळ्याच्या ऐन ताणात, पिके सुकू लागली तेव्हा दोन्हीकडचे 'कम्मकर' एकत्र जमले. कोलियांकडील लोक म्हणाले की, पाणी वाटून घेतले तर ते कोणासच पुरणार नाही; आमचे पीक एका पाण्याने हाती येईल, तेव्हा ते आम्हांस द्या. शाक्यांकडील लोकांनी उलट विचारले : तुमची कोठारे भरल्यावर आम्ही सोनेनाणे नि टोपल्या घेऊन तुमच्या दारोदार फिरावे काय? आमचेही पीक एकाच पाण्यासाठी अडले आहे. दुष्काळी मुलखात पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या संवादात परके असे काही वाटणार नाही. दोघांचेही म्हणणे खरे होते. बांध सामाईक होता. पण तुटीच्या दिवसांत आधी कोणी घ्यावे व किती घ्यावे, याचा काही नियम असल्याचा उल्लेख कथेत नाही.

मग हातघाई झाली आणि बोलणे राजकुळांच्या जन्मावर गेले. शाक्यांना बहिणींशी संसार करणारे म्हटले गेले, कोलियांना बोरीच्या झाडात राहणारे कुष्ठरोगी. अट्ठकथेतील शब्द 'जाति' असाच आहे. पाण्याचा प्रश्न इतक्या लवकर जन्माचा प्रश्न होतो, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

दोन्हीकडची सैन्ये समोरासमोर आली. तथागतांनी विचारले, कलह कशाचा? राजांना ठाऊक नव्हते. उपराजा जाणत असेल, सेनापती जाणत असेल, असे करीत प्रश्न खाली उतरत गेला आणि अखेर दास व कम्मकर यांच्याकडून उत्तर मिळाले : पाण्याचा. पाण्याचे मोल अल्प आणि क्षत्रियांचे अमोल, हे तथागतांनी पटवून दिले व युद्ध टळले. मात्र सुकणाऱ्या पिकांना पुढे पाणी कसे वाटले गेले, हे अट्ठकथा सांगत नाही. तो तिचा विषय नव्हता. तिला दोष देण्याचे कारण नाही.

1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा तंटा गृहत्यागापूर्वी, सिद्धार्थाच्या 28 व्या वर्षी घातला. अट्ठकथेत तथागत तेव्हा बुद्ध झालेले आहेत. हा फरक लपविण्याजोगा नाही. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तावरून धर्मानंद कोसंबींनीही गृहत्यागाचा संबंध अशा कलहाशी जोडला होता. त्या सुत्तातील उपमाही थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांचीच आहे. आम्हांस काळाच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की, अट्ठकथेत जी जागा रिकामी आहे, तेथे बाबासाहेबांनी तोडग्याची रीत मांडली. आधी चौकशी व्हावी, कारण आपल्याही माणसांनी आगळीक केल्याचे ऐकिवात आहे. मग दोघे शाक्यांनी निवडावेत, दोघे कोलियांनी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर, पाणी असूनही जन्मामुळे ते नाकारले जाते हे ज्यांनी जगाला दाखवून दिले, त्यांनीच हे लिहिले आहे.

संघात तो ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. दुसऱ्या दिवशी सेनापतीने 20 ते 50 वर्षांच्या शाक्यांच्या सक्तीच्या सैन्यभरतीचा ठराव मांडला. मारामारी झाली होती ती दोन्हीकडच्या सेवकांत. त्या पाचांत त्यांच्यापैकी एखादा असावा, असे मात्र तेथेही म्हटलेले नाही.