पदाच्या डोक्यावरची ती छोटी ओळ

आजचा भाग नाट्यसंगीताचा आहे. थांबा, लगेच पुढे सरकवू नका. कारण प्रश्न तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे: चाल कुणाची आणि नाव कुणाचं?

नवं गाणं आलं की कॉमेंटमध्ये कुणीतरी लिहितंच, "चाल ढापली आहे." शंभर वर्षांपूर्वीच्या नाटककाराला असं कुणी म्हटलं असतं, तर त्याने सरळ नाटकाचं पुस्तक उघडून दाखवलं असतं. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात राग, ताल आणि 'चाल' छापलेली असायची. ही चाल म्हणजे काय? तर ज्या आधीच्या गाण्यावर पद बांधलंय, त्याचे सुरुवातीचे शब्द. लपवाछपवी नाहीच! रेकॉर्डिंग नव्हतं त्या काळात वाचणाऱ्याला ही खूण पुरायची. मूळ गाणं येत असेल, तर नवं पदही म्हणता येईल.

ही युक्ती फक्त आपलीच नाही बरं का. लंडनमध्ये १७२८ साली जॉन गे यांनी 'द बेगर्स ऑपेरा'त हेच केलं. लोकांच्या तोंडी असलेल्या चाली घेतल्या, त्यांवर नवे शब्द बसवले आणि छापताना मूळ गाण्यांची नावं वर दिली.

आता पुण्याला येऊ. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. साकी, दिंडी असे प्रकार लोकांनी कीर्तनात ऐकलेलेच होते. अण्णासाहेब बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे, त्यामुळे कानडी चालीही आल्या. नाटक नवं, पण कान आधीच तयार! प्रेक्षक घरी जाताना पद गुणगुणत गेला, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

पुढे नवी पिढी नव्या दुकानांत गेली. १८९६ च्या 'वीरतनय'मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीच्या ठसकेबाज चाली आणल्या. इथे एक अडचण लक्षात घ्या. चाल आधी ठरलेली, शब्द नंतर. प्रत्येक मात्रेवर मराठी अक्षर बसवायचं म्हणजे कसरतच, आणि कधीकधी पदाचा अर्थ त्यात आवळला जायचा.

१९११ ला 'मानापमान' आलं. पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे मोठे हार्मोनियमवादक. त्यांनी ठुमरी, दादरा, कजरी असा उत्तरेकडचा लाडिक बाज मराठीत उतरवला. पाच वर्षांनी 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींवर चाली दिल्या. बुवा स्वतः मुसलमान उस्तादांकडे शिकलेले. म्हणजे उस्तादांच्या घराण्यांतली गायकी रुक्मिणी झालेल्या बालगंधर्वांच्या गळ्यातून थेट मराठी माजघरात पोचली.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते नाटक: 'एकच प्याला'. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात नाटक रंगभूमीवर आलं. पदं लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. आणि चाली? त्या बालगंधर्वांना मिळाल्या सुंदराबाई जाधव यांच्याकडून. सुंदराबाई म्हणजे लावणी, ठुमरी, गझल गाणाऱ्या बैठकीच्या गायिका. पुढे १९३९ मध्ये प्रभातच्या 'माणूस'मध्ये त्यांनी नायकाच्या आईचं कामही केलं.

आता गंमत बघा. गंमत म्हणू, की बोच? 'एकच प्याला'ची नायिका सिंधू म्हणजे दारुड्या नवऱ्याचे पाय न सोडणारी पतिव्रता. तिच्या तोंडची चाल येते बैठकीच्या गाण्यातून. त्या काळात घरंदाज बाईने अशा बैठकीला जाऊन बसणं शक्यच नव्हतं. तीच बाई घरी सिंधूचं पद आळवत डोळे पुसत होती. चालीला उंबरठा ओलांडता आला, चाल देणाऱ्या बाईला तेवढं सोपं नव्हतं.

म्हणून मला या उसनवारीला चोरी म्हणवत नाही. कीर्तनकार, कानडी गाणी, पारशी कंपन्या, उस्ताद, बैठकीच्या गायिका, या सगळ्यांकडून घेऊन मराठी कान घडला. पण छापील ओळ अर्धीच प्रामाणिक होती. तिच्यात गाण्याचे शब्द मावायचे. ते गाणं कुणी बांधलं आणि कुणाच्या गळ्यातून इथवर आलं, हे मावायचं नाही. ओळखीच्या बुवांचं नाव इतिहासात ठळक राहिलं. सुंदराबाईंचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

पुढे चित्र बदललं. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'ला, १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'ला गोव्याच्या मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिलं. नाटकाचा स्वतंत्र संगीतकार ही गोष्ट रुळली आणि डोक्यावरची ती ओळ मागे पडली.

तेव्हा एक करा. वाचनालयात जुनं संगीत नाटक हाती आलं, तर पदाआधी त्यावरची बारीक ओळ वाचा. ते मूळ गाणं शोधा, आणि ते गाणाऱ्यांचं नावही. सापडलं तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा!