अनारशावरची खसखस

माझी धाकटी बहीण लग्न होऊन दुबईस गेली, त्याला आता चार वर्षे झाली. पहिल्या दिवाळीला आईने तिच्यासाठी अनारशाचे पीठ करावयास घेतले. तांदूळ तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदलले, पंचावर पसरले, ओलसर असतानाच कुटले आणि गूळ घालून गोळे डब्यात भरले. शेजारी खसखशीची पुडी. डबा निघायच्या आदल्या दिवशी बहिणीचा फोन आला. "दादा, बाकी सगळं पाठव, पण खसखस नको बाबा! इथं ती आणली तर धरून नेतात."

खसखस म्हणजे अफूचे बी, आणि तिकडच्या कायद्याला अफू काय नि तिचे बी काय, दोन्ही सारखेच. आईला हे काही केल्या पटेना. "अगं, नैवेद्याला लागते ती!" एवढेच ती फोनवर म्हणत राहिली. मी पुडी सोडून खसखस पुन्हा बरणीत ओतली. पण मनात एक जुनाच प्रश्न येऊन बसला. परमुलखात राहणाऱ्या माणसाने आपला सण कोणत्या जिनसांवर साजरा करावा?

हा प्रश्न आमच्या बीड जिल्ह्याने उलट्या बाजूनेही पाहिलेला आहे. अंबाजोगाई आपल्याला ठाऊक ती मुकुंदराज आणि दासोपंत यांची. निजामाच्या अमदानीत तिचे नाव मोमिनाबाद होते आणि तिथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. फौज नावाला निजामाची, अंमलदार मात्र इंग्रज. आणि तिच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीकडे लावून दिलेला. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानी लष्करात मिळवली गेली. तोवर बालाघाटाच्या त्या पठारावर डिसेंबर आला की गोऱ्या अंमलदारांचा नाताळ येई. १८६० साली आगगाडी सोलापूरपर्यंत आली खरी, पण तिथून पुढे बैलगाडीच.

आता नाताळच्या केकला लागते काय? मैदा, लोणी, अंडी, साखर, मनुका, बदाम, साखरेत मुरवलेल्या संत्र्यालिंबाच्या साली, दालचिनी, जायफळ, लवंग आणि ब्रँडी. यादी वाचताना हसू येते. यातला मसाला पूर्वेकडचाच! तो गलबतात बसून विलायतेला गेला, तिथे केकात शिरून मोठा साहेब झाला, आणि इकडच्या बाजारात मात्र पुड्यांतून विकला जात होता. मनुका काबूलकडून येत. अडे ते भट्टीशी आणि त्या सालींशी. भट्टीची तोड सोपी होती. देगचीखाली निखारे आणि झाकणावरही निखारे, की झाली भट्टी. सालींच्या जागी अलाहाबादेत कोहळ्याचा पेठा आणि लोण्याच्या जागी तूप आले, आणि तो केक त्या शहराच्या नावाने आजही ओळखला जातो. ज्यांना हे रुचत नसे ते विलायती डबे मागवीत. पुढे १८९१ साली मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स निघाल्यावर त्यांची सोय झाली. केनी-हर्बर्ट नावाचा एक लष्करी अंमलदार 'वायव्हर्न' या टोपणनावाने पाकशास्त्रावर लिही. त्याने १८७८ च्या आपल्या पुस्तकात या डब्यांच्या वेडाची चांगली खरडपट्टी काढली आहे. ताजे समोर असताना शिळे का खाता, असा त्याचा रोख. मला हा गृहस्थ आवडतो.

पण हा पेच साहेबाच्या साडेतीनशे वर्षे आधी गोव्यात सुटला होता. १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले. त्यांच्या पाद्र्याला प्रार्थनेसाठी गव्हाची भाकर हवी आणि घरच्यांना जेवायला पाव हवा. तो फुगवायला खमीर मिळेना, तेव्हा त्यांनी माडाची सूर कणकेत घातली. 'पाव' हा शब्द त्यांचाच, फुगला तो मात्र आपल्या माडावर! बदाम महाग, म्हणून त्यांनी स्वतःच ब्राझीलहून आणलेला काजू बदामाच्या मिठाईत शिरला. दुधाच्या जागी नारळाचा रस आला आणि थरावर थर भाजून बेबिंका झाली.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने हुकूम काढला आणि बाटलेल्या लोकांच्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. प्रा. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली या इन्क्विझिशनवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तो हुकूम वाचावा. हिंदूंप्रमाणे अळणी भात शिजवू नये, येथपर्यंत त्यात कलमे आहेत. चुलीवरच्या भातात मीठ पडले की नाही, हे पाहणारी सत्ता! आणि तरीही गोव्याच्या ख्रिस्ती घरात नाताळच्या ताटात काय असते? नेवरी. म्हणजे आपली करंजी. दोदोल, बेबिंका आणि नेवऱ्या असे ताट भरून, त्यावर रुमाल घालून ते शेजारी पाठवतात. त्या फराळाला कुसवार म्हणतात. देव बदलला, देवळाचे चर्च झाले, नावे बदलली. पण सणाच्या दिवशी पारी लाटून, सारण भरून, कड दुमडायची, ही बोटांची सवय काही सुटली नाही. हे आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बायका मुरड कशी घालतात रे?"

यंदाचा डबा परवा निघेल. बहिणीने तिकडे तीळ लावून अनारसे करून पाहिले होते. पहिला घाणा तुपात हसला, दुसरा साधला. तरी आईने या खेपेस पिठात गूळ बेताचा घातला आहे आणि तिळाची पुडी आपल्या हाताने बांधली आहे. तीळ निवडताना ती मला दोनदा विचारून गेली, "याला तर बंदी नाही ना?"