जुन्या मालिका पुन्हा पुन्हा का लागतात? वरळीच्या टॉवरपासून जव्हार-मोखाड्याच्या छत्रीपर्यंतची गोष्ट

२८ मार्च २०२०, शनिवार. लॉकडाऊन लागून जेमतेम तीन दिवस झाले होते. सकाळी ९ वाजता डीडी नॅशनलवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका पुन्हा सुरू झाली. त्याच दिवशी दुपारी १२ वाजता डीडी भारतीवर बी. आर. चोप्रांची 'महाभारत' लागली. एक मालिका तेहतीस वर्षं जुनी, दुसरी बत्तीस वर्षं. तरीही बघता बघता दूरदर्शन देशातल्या सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या वाहिन्यांमध्ये जाऊन बसलं.

शहरात याची चर्चा 'आठवणींना उजाळा' अशी झाली. पण पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांत मुद्दा फक्त आठवणींचा नव्हता. ज्या पाड्यांवर मोबाइलला रेंज नाही आणि महिन्याच्या रिचार्जसाठी पैसे बाजूला काढणं अवघड आहे, तिथे टीव्हीवर जे फुकट लागतं तेच बघायला मिळतं. म्हणून जुन्या मालिका कोण दाखवतं, का दाखवतं आणि त्या घरापर्यंत कशा पोहोचतात, हे समजून घ्यायला हवं.

पुनःप्रसारण शक्य कधी होतं?

कार्यक्रम पुन्हा दाखवायचा तर आधी तो कुठेतरी साठवलेला असावा लागतो. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात बहुतेक कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचे आणि हवेत विरून जायचे. अमेरिकेत १९५१ साली सुरू झालेली 'आय लव्ह लुसी' ही मालिका सिनेमासारखी फिल्मवर चित्रित केली गेली. त्यामुळे ती नंतर पुन्हा पुन्हा दाखवता आली, आणि तिथल्या स्थानिक टीव्ही केंद्रांना जुन्या मालिका विकण्याचा मोठा धंदा उभा राहिला. आजही तिथे फक्त जुन्या मालिका दाखवणाऱ्या वाहिन्या घरच्या अँटेनावर फुकट दिसतात.

दुसरी अट हक्कांची. भारतात १९८०च्या दशकात दूरदर्शनने प्रायोजित मालिकांची पद्धत आणली. निर्माता स्वतः मालिका बनवायचा, जाहिरातदार पैसे द्यायचे आणि दूरदर्शन वेळ द्यायचं. त्यामुळे आपण ज्यांना 'दूरदर्शनच्या मालिका' म्हणतो, त्यांतल्या बऱ्याच मालिकांचे हक्क दूरदर्शनकडे नव्हतेच. २०२० मध्ये 'रामायण' दाखवण्यासाठी प्रसार भारतीला सागर कुटुंबाशी बोलावं लागलं, ते यामुळेच.

२०२० मध्ये खरंच विश्वविक्रम झाला होता का?

'रामायण' पहिल्यांदा २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात, दर रविवारी सकाळी लागायची. २०२० मध्ये ती रोज सकाळी आणि रात्री ९ वाजता लागू लागली. सुरुवातीच्या शनिवार-रविवारचे चार भाग मिळून १७ कोटी प्रेक्षकांनी पाहिल्याचं बार्क या टीव्ही प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेच्या आकडेवारीतून समोर आलं.

पुढे दूरदर्शनने जाहीर केलं की १६ एप्रिल २०२० चा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला आणि हा जागतिक विक्रम आहे. यावर लगेच आक्षेप आले. अमेरिकेतल्या 'मॅश' या मालिकेचा २८ फेब्रुवारी १९८३ चा शेवटचा भाग साधारण १०.६ कोटी लोकांनी पाहिल्याची नोंद आहे. म्हणजे विक्रमाचा दावा टिकत नाही. पण तीन दशकं जुनी मालिका पुन्हा लावून इतके प्रेक्षक मिळवणं ही मोठी गोष्ट होती, यावर वाद नाही.

यामागची कारणं सोपी होती. नव्या मालिकांचं चित्रीकरण बंद पडलं होतं, घरातले सगळे घरात होते आणि दूरदर्शन बघायला वेगळे पैसे लागत नव्हते. १३ एप्रिल २०२० ला प्रसार भारतीने जुन्या कार्यक्रमांसाठी डीडी रेट्रो ही वेगळी वाहिनीच सुरू केली.

जव्हार-मोखाड्यात टीव्ही पोहोचतो कसा?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वरळीचा उंच टॉवर हा त्याचा कणा. टॉवरवरून निघणाऱ्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते, आणि त्या सावलीतल्या टीव्हीच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात.

जव्हार वरळीपासून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर आहे, मोखाडा त्याच्याही पुढे. हा सगळा भाग सह्याद्रीच्या पश्चिम उताराचा. जव्हार गाव उंचावर आहे, पण आजूबाजूचे पाडे दऱ्याखोऱ्यांत विखुरलेले. दुसऱ्या बाजूला नाशिक मोखाड्यापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर आहे, पण मध्ये त्र्यंबकचे डोंगर उभे आहेत.

देशभर अशा भागांसाठी दूरदर्शनने १९८०च्या दशकात लहान क्षमतेचे प्रक्षेपक उभारले. त्यांची पोच थोडी, साधारण १५ किलोमीटरच्या आसपास. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना कौलांवर चढून अँटेना फिरवणं आणि खाली ओरडून 'दिसतंय का?' विचारणं आठवत असेल.

तो काळ आता संपला आहे. हे जुने अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करून, सामरिकदृष्ट्या महत्त्वाची सुमारे ५० ठिकाणं वगळता, ३१ मार्च २०२२ पर्यंत काम पूर्ण करणार असल्याचं प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं. त्यामुळे साध्या अँटेनावर टीव्ही बघण्याचे दिवस जवळपास गेले. त्यांची जागा छत्रीने घेतली.

डोंगरात छत्री जास्त चांगली का चालते?

कारण तिचा सिग्नल आडवा येत नाही, वरून येतो. डीडी फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह विषुववृत्तावर, जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जव्हारमधून पाहिलं तर तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून ५५-६० अंश वर येतो. म्हणजे अगदी दरीतल्या घरालाही आग्नेयेकडचं आकाश मोकळं असेल तर चित्र स्पष्ट मिळतं. झाड किंवा कडा आड आला तरच अडचण.

एक अडचण मात्र या भागात दरवर्षी येते, ती पावसाची. या उपग्रहाच्या लहरी ज्या पट्ट्यातल्या आहेत, त्या जोरदार पावसात क्षीण होतात. जव्हार-मोखाडा हा भरपूर पावसाचा प्रदेश. त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या मुसळधार सरींत मालिका मध्येच थांबणं हा छत्रीचा दोष नसतो, आणि वीज गेली तर काहीच दिसत नाही.

फ्री डिश 'फ्री' आहे, मग पैसे कोण देतं?

ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. छत्री आणि सेट-टॉप बॉक्स बसवायला एकदाच साधारण दीड-दोन हजार रुपये लागतात. त्यानंतर रिचार्ज नाही.

याची तुलना पैसे भरून बघायच्या टीव्हीशी करून पाहा. २०१९ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार पहिल्या १०० वाहिन्यांसाठी महिन्याला १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे १५३ रुपये लागायचे. वर्षाचे झाले १,८३६ रुपये. तेवढ्यात फ्री डिश कायमची बसते. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०६ रुपये होती. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला बाहेर पडणाऱ्या इथल्या अनेक कुटुंबांची घरं काही महिने बंदच असतात. बंद घराचा रिचार्ज कोण मारणार? परत आल्यावर बटण दाबलं की सुरू होणारी छत्री त्यांना परवडते.

फ्री डिशचा खर्च निघतो तो खासगी वाहिन्यांकडून. या सेवेवर जागा मिळवण्यासाठी वाहिन्यांना लिलावात बोली लावून मोठी रक्कम प्रसार भारतीला द्यावी लागते. वाहिनी ती रक्कम जाहिरातींतून वसूल करते.

खासगी वाहिन्या इथे जुन्याच मालिका का दाखवतात?

उत्तर याच हिशोबात आहे. प्रेक्षक पैसे देत नाही, उत्पन्न फक्त जाहिरातींचं, आणि वर जागेचं भाडं. अशा वेळी नवी मालिका बनवण्यापेक्षा आधीच खर्च वसूल झालेली जुनी मालिका पुन्हा लावणं स्वस्त पडतं. स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, कलर्स रिश्ते या वाहिन्या याच विचारातून उभ्या राहिल्या.

पण हे प्रेक्षकाच्या हातात नसतं. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या या वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या, जून २०२० मध्ये परत आणल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. तेच कार्यक्रम एकीकडे फुकट आणि दुसरीकडे पैसे घेऊन का दाखवता, अशी केबल आणि डीटीएचवाल्यांची तक्रार होती. तोट्यात राहिला तो फुकटवर अवलंबून असलेला प्रेक्षक. कालपर्यंत बघत असलेली मालिका एक एप्रिलला गायब झाली, आणि विचारायचं कुणाला हेही त्याला माहीत नव्हतं.

मग मराठीतल्या जुन्या मालिका कुठे गेल्या?

हा प्रश्न जास्त बोचणारा आहे. मुंबई दूरदर्शनवर १९७७ मध्ये आलेली 'चिमणराव', म्हणजे चिं. वि. जोशींच्या कथांवरची दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची मालिका, आजही लोकांच्या तोंडी आहे. 'गजरा', 'ज्ञानदीप', 'आमची माती आमची माणसं' हे कार्यक्रम घराघरांत बघितले जायचे. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेली 'गोट्या' आणि नंतरची 'दामिनी' यांचीही आठवण काढली जाते.

पण आठवण आहे म्हणजे टेप आहेच, असं नाही. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होत्या. जुना कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा रेकॉर्ड करणं ही जगभरातल्या केंद्रांची सवय होती. बीबीसीसारख्या संस्थेने 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे ९० हून अधिक भाग असेच गमावले. आपल्याकडेही सुरुवातीच्या वर्षांतला बराच ठेवा असाच गेला. फिल्मवर किंवा चांगल्या टेपवर निर्मात्याने जपून ठेवलेल्या हिंदी महामालिका उरल्या आणि पुन्हा दाखवल्या गेल्या. स्टुडिओत रोजच्या रोज बनलेले मराठी कार्यक्रम त्या मानाने कमी उरले.

त्यामुळे पुनःप्रसारणातून जो 'जुना काळ' दिसतो, तो जे टिकलं त्याचाच असतो. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा समाजांचं जगणं टीव्हीवर तेव्हाही फारसं नव्हतं. त्यामुळे आजच्या पुनःप्रसारणातही ते दिसत नाही.

शेवट माहीत असताना पुन्हा का बघायचं?

याचं उत्तर मोखाड्यात शोधायला टीव्हीची गरज नाही. होळीनंतरच्या दिवसांत इथे बोहाडा होतो. गणपती, राम-लक्ष्मण, रावण, नरसिंह अशा देवदानवांचे मुखवटे घालून रात्र रात्र सोंगं नाचतात. अनेक सोंगं पिढ्यान् पिढ्या ठरावीक घरांकडे असतात. कोण कधी येणार आणि कोण हरणार, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. तरी लोक पहाटेपर्यंत जागतात, कारण ती गोष्ट सगळ्यांनी मिळून बघायची असते.

टीव्हीवरच्या जुन्या मालिकेचंही काहीसं तसंच असतं. आजी-आजोबांना पुढचा प्रसंग माहीत असतो आणि नातवंडांना तो आधी सांगण्यात त्यांना मजा येते. फरक इतकाच की बोहाडा गाव ठरवतं. टीव्हीवर काय लागणार, हे दूर कुठेतरी ठरतं.

आता या मालिका कुठे बघता येतात?

'रामायण' ५ फेब्रुवारी २०२४ पासून डीडी नॅशनलवर पुन्हा लागली होती. २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने 'वेव्हज' हे अॅप सुरू केलं. त्यावर दूरदर्शनच्या अनेक जुन्या मालिका आहेत. यूट्यूबवरही बरंच काही मिळतं.

पण अॅपला इंटरनेट लागतं, आणि रेंजसाठी टेकडीवर चढावं लागणाऱ्या पाड्यावर अॅप असून नसल्यासारखं. २०२० मध्ये शाळा बंद असताना पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर दाखवली गेली, ती याच कारणाने. ज्या घरात ऑनलाइन वर्ग पोहोचत नाही, तिथे टीव्ही पोहोचू शकतो, हा त्यामागचा विचार होता.

म्हणून जुने कार्यक्रम फक्त अॅपवर टाकून काम संपत नाही. जे मराठी कार्यक्रम टिकले आहेत ते सह्याद्रीवर, ठरलेल्या वेळी, आधी सांगून दाखवले, तर ते जव्हारच्या बाजारपेठेतल्या घरापासून मोखाड्याच्या शेवटच्या पाड्यापर्यंत त्याच छत्रीतून पोहोचतील. त्यासाठी तिथल्या कुणालाही नवा खर्च करावा लागणार नाही.