दिनविशेष : १६ सप्टेंबर
निजामाच्या फौजेतून परमवीरचक्रापर्यंत

१९६५ : पुना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोर्जी तारापोर यांना सियालकोट आघाडीवर वीरमरण.

जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचे. पण शिपाईगिरी सुरू झाली निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. पायदळात त्यांचे मन रमेना. एकदा हातगोळा फेकण्याच्या सरावात एका नवशिक्याचा जिवंत गोळा खंदकातच पडला. अर्देशीर यांनी झेप घेऊन तो उचलला आणि बाहेर भिरकावला. तो फुटलाच, छातीत कपच्या घुसल्या. हे पाहणारे सरसेनापती एल एद्रूस यांनी बोलावून कौतुक केले, तेव्हा गड्याने काय मागावे? रिसाल्यात बदली! ती मिळाली.

१९५१ मध्ये ते पुना हॉर्समध्ये दाखल झाले. भारत-पाकिस्तान युद्धात ११ सप्टेंबर १९६५ रोजी फिलोराच्या लढाईत जखमी होऊनही त्यांनी मागे जाण्यास साफ नकार दिला. पुढे वजीरवाली, जस्सोराँ आणि बुतूर डोग्रांडी घेतले. ‘सेंच्युरियन’ रणगाड्यावर वारंवार गोळे आदळत होते, तरी ते हटले नाहीत. अखेर रणगाडा पेटला. सरकारी मानपत्रानुसार त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे ६० रणगाडे निकामी केले, स्वतःचे ९ गमावून. या आघाडीवरचे लक्ष्य असलेले चाविंडा मात्र हाती आले नाही. तारापोर यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. पारशी असूनही त्यांच्या इच्छेनुसार दहन रणभूमीवरच झाले.