मेलेला उंदीर कोणी उचलायचा?

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. त्या साथीचा इतिहास रँडचा खून, चाफेकरांची फाशी आणि हाफकिनची लस यांच्याभोवती लिहिला गेला. मेलेला उंदीर उचलणारा माणूस त्या इतिहासात तळटीपेपुरताही येत नाही. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवले, की उंदीर मरून थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा उबेसाठी दुसरे शरीर शोधतात. म्हणजे मोठा धोका हात लावणाऱ्याला. आणि मेलेल्याला हात कोणी लावायचा, हे गावगाड्याने आधीच ठरवून टाकले होते.

१९२७ च्या महाडनंतर आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे नाकारले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. ढोर सुटले, शहरातला मेलेला उंदीर मात्र सफाई कामगाराच्याच वाट्याला राहिला.

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हा धानाचा मुलूख. धान कापले की शेतातला उंदीर कुडाच्या घरात शिरतो; त्याच्यामागे साप येतो. त्याच एका खोलीत धान, कोंबड्या आणि रांगते पोर. अशा घरात विष येते ते उघडे, कणकेच्या गोळीत. झिंक फॉस्फाइडमधून पोटात फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर नेमका उतारा नाही. शिवाय आजारी पडून वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठू देत नाही, काही दिवसांनी मारते, म्हणून उंदराला संशय येत नाही. आणि वेळीच दवाखाना गाठला तर माणसासाठी व्हिटॅमिन के हा उतारा आहे. पण तेही उघड्यावर ठेवायचे नसते. उंदीर आत जाईल, पोराचा हात पोचणार नाही अशा बंद पेटीत, भिंतीच्या कडेला ठेवायचे, कारण उंदीर भिंत धरून चालतो.

गोदामातल्या धान्याला ही पेटी मिळते. मग झोपडीतल्या पोराला का नाही? पेटी परवडत नसेल तर बांबू आपल्याच रानात आहे. त्याचे लांब पोकळ कांडे भिंतीलगत घट्ट बांधून आमिष मधोमध ठेवता येते.

आणि मेलेला उंदीर? चिमट्याने उचलून खोल पुरायचा. ज्याच्या घरचा, त्यानेच.