काविळीचं औषध आणि तलवार गिळणारा माणूस

मागच्या महिन्यात आईचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटलं की आमच्या गावात पाय आपोआप पाल्याचं औषध देणाऱ्याकडे वळतात. आम्हीही गेलो. बारा दिवस पथ्य पाळलं. मग थंडी वाजून ताप भरला, तेव्हा कुठे शहर गाठलं. सोनोग्राफीत कळलं, पित्तनलिकेत खडा अडकलाय. पाल्यानं तो कसा निघणार?

डॉक्टर म्हणाले, तोंडातून दुर्बीण घालून काढू. १९८२ साली माझ्या आत्याचं याच दुखण्यासाठी पोट उघडलं होतं. महिनाभर अंथरुणाला खिळली होती. आई तिसऱ्या दिवशी घरी आली. हे एवढं बदललं कसं, म्हणून वाचत बसलो.

१८६८ साली जर्मनीतल्या फ्रायबर्गला कुसमाउल नावाच्या डॉक्टरांना जिवंत माणसाच्या जठरात डोकवायचं होतं. नळी सरळ आणि ताठ. गिळणार कोण? त्यांनी तलवार गिळून दाखवणारा खेळवाला गाठला! नळी गेली, पण आत उजेड पुरेना.

खरी अडचण वाकण्याची होती. १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येतं, हे दाखवलं. मग अमेरिकेत हिर्शोविट्झ यांनी त्यावरून लवचीक दुर्बीण बनवली आणि १९५७ मध्ये रुग्णाआधी स्वतःच्या घशात घातली.

नुसतं बघणं संपून हात चालवणं सुरू झालं ते पुढे. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये शिन्या आणि वुल्फ यांनी मोठ्या आतड्यातले कोंब तारेच्या फासानं काढायला सुरुवात केली. १९७३-७४ च्या सुमारास जपान आणि जर्मनीत, वेगवेगळ्या डॉक्टरांनी, दुर्बिणीतूनच पित्तनलिकेचं तोंड विजेच्या तारेनं कापून मोठं केलं. खड्याला वाट मिळाली. माझी आई वाचली ती या वाटेनं.

आज हैदराबादच्या डॉ. नागेश्वर रेड्डींसारखी माणसं हेच काम करतात. २०२५ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. विद्या आपल्या देशात आहे, पण आमच्या तालुक्यापासून ती सव्वाशे किलोमीटर लांब आहे.

या उपचारात धोका नाही असं नाही. नंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून हात सरावलेलाच लागतो. त्यामुळे नुसतं यंत्र आणून फीत कापू नका. ते चालवणारा डॉक्टर, मदतनीस आणि दुर्बीण नीट निर्जंतुक करणारी माणसंही जिल्हा रुग्णालयात द्या. पुढच्या वेळी मतं मागायला येतील, तेव्हा गटारीबरोबर हेही विचारा.

आणि तुमच्या घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर आधी रक्त आणि सोनोग्राफी. आमचे बारा दिवस गेले, तुमचे जाऊ देऊ नका.